धुतलेली जागा

दयानंद दारू पीत नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बेळ्ळंदूरच्या त्या टोलेजंग इमारतींत राहणाऱ्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यांना कुठे सोयरसुतक! ज्याने इतकी वर्षं त्यांचं मैलापाणी निवळून दिलं, तो नवमीच्या दिवशी पिऊन टाकीत पडला, एवढंच त्यांच्या मोबाइलवर आलं. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली. कुणी विचारलं, मग आज बागेला पाणी सुटणार की नाही?

मी मालनबाई. आमचे लोक बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आले की आमच्या मराठीला आता कन्नडची फोडणी बसलेली आहे. माझे यजमान प्रतापराव गेले ते तळ्याजवळची थोडी जागा आणि तिच्यावरच्या भाड्याच्या खोल्या मागे ठेवून. त्यातल्या कडेच्या खोलीत दयानंद आणि महानंदा राहायचे. चिक्कोडीकडची माणसं. त्यांची मुलगी भव्या गावी आजी-आजोबांजवळ शाळेला होती. भाडेकरूंना मी डोक्यावर बसू देत नाही, जिभेचा पट्टा सगळ्यांना सारखाच. पण ह्या दोघांनी मला अक्का म्हणून कधी गुंडाळलं ते माझं मलाच कळलं नाही.

दयानंद त्या इमारतींच्या तळघरात, मैलापाण्याच्या प्लांटवर कामाला होता. आम्हाला तळ्याच्या फेसाची आणि वासाची सवय, त्यामुळे त्याच्या कपड्यांच्या वासाचं काही वाटायचं नाही. पण एका सकाळी मी धुण्याच्या दगडावर पाय ठेवला आणि सपशेल आडवी झाले. महानंदाने त्याचे कामाचे कपडे भिजत घातले होते आणि दगडभर भेंडीच्या बुळबुळीसारखं काहीतरी पसरलं होतं. मी पडल्या जागेवरूनच दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग तांब्याभर पाणी ओतून ते घालवायला हात पुढे केला, तर दयानंद धावत आला.

"अक्का, पाणी नगा मारू! आनखी पडशीला. थांबा, मीठ आणतो."

मीठ टाकून त्याने दगड झाडला, मला पाटावर बसवलं आणि हसू दाबत ते काय प्रकरण आहे ते सांगितलं. त्याला ते लोक पॉली म्हणतात. पांढरी, जाडसर साखरेसारखी पूड. खिशात सांडलेली तशीच भिजली होती. मी म्हटलं, असलं विष कशाला लागतं रे तुला? तर दुसऱ्या दिवशी छोट्या बाटलीत कालवलेली पॉली घेऊन आला आणि माझ्याच काचेच्या ग्लासात गटाराचं गढूळ पाणी भरून माझ्यापुढे ठेवलं. ग्लास पुढे फेकून द्यावा लागला, ती गोष्ट वेगळी.

"ह्यातली घाण लई बारीक, अक्का. अशीच ठेवली तर खाली बसत न्हाई. कण कणाच्या जवळ जात न्हाई, भाऊबंदकी असल्यागत. पॉली म्हंजे लांबच लांब दोरा. त्यात समदे गुतत्यात."

त्याने चमचाभर पॉली घातली आणि हलक्या हाताने ढवळलं. बघता बघता दूध नासावं तसे ग्लासात गोळे झाले, गोळे तळाला बसले आणि वर नितळ पाणी उरलं. मोठ्या टाकीतला गाळ असाच नासवून यंत्रातल्या कापडांतून दाबायचा. पाणी बागेला आणि चोथा खताला. त्याला त्या ग्लासाकडे बघताना जो आनंद झाला होता तो मी विसरणार नाही. मैल्यात हात घालणारा माणूस, पण देवाला नैवेद्य दाखवल्यासारखा ग्लास धरून बसला होता.

"आणि सांडली तर?" मी अजून कंबर चोळत होते.

"कोरडी असंल तवर भ्या न्हाई. झाडूनच घ्यायची. पाणी लागू द्यायचं न्हाई. लगेच कळत न्हाई ओ, निम्म्या तासानं फुगती. मग तिथं देव आला तरी हुबा ऱ्हायचा न्हाई."

महानंदा हसत म्हणाली, "रोज ह्योच मंत्र असतोय, अक्का. झोपंत इचारलं तरी म्हणतील, पाणी मारू नगंस."

यंदाच्या दसऱ्याला दयानंदचे वडील, पिराजी, गावाहून आले. ताठ म्हातारा. डोक्याला पटका, हाताला कामाची खोड. बसून राहणं ठाऊकच नाही. आल्या दिवशी माझ्या आवारातला पालापाचोळा गोळा केला, दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता नारळाची आळी केली. ह्या घरात दारूचं नाव काढायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं. पिराजीचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. त्याच्या तेराव्याला पिराजीने पोरसवदा दयानंदचा हात कुलदेवाच्या भंडाऱ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. दयानंद लग्नकार्यातसुद्धा पिणाऱ्यांच्या पंगतीपासून लांब बसायचा. इथली पोरं त्याला त्यावरून चिडवायची.

नवमीला इकडे आयुधपूजा असते. गाड्या, यंत्रं, लेथ, संगणक, सगळ्यांना हार आणि कुंकू. रस्त्यावर कोहळे फोडतात आणि मग गाड्या त्यावरून घसरतात. पिराजी त्याला खंडेनवमी म्हणायचा. त्याच्या गावी नांगर, विळे, खुरपी आदल्या दिवशी ओढ्यावर नेऊन धुतात आणि मगच पुजतात. त्या सकाळी तो लेकाबरोबर प्लांटवर गेला. त्याला ते यंत्र बघायचं होतं, ज्याच्यावर त्याच्या घराची चूल चालत होती. महानंदा माझ्या स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघी पुरणाच्या होळिगे लाटत होतो. ती मला शिकवत होती की पोळी म्हणा, मी तिला सांगत होते की माझ्या तव्यावर ती होळिगेच होते.

तिथे फोन आला. हाताला पुरण तसंच लागलेलं घेऊन ती धावली.

झालं ते एवढंच. गाळाची टाकी जमिनीखाली आहे. तिचं लोखंडी झाकण गंजून मोडलं होतं आणि नवं मागवतो मागवतो म्हणत त्यावर प्लायवूडची फळी टाकून ठेवलेली. दयानंद खांद्यावर केळीचे खुंट आणि गळ्यात झेंडूच्या माळा घेऊन वरून आला, टाकीजवळ घसरला, खुंटांसकट फळीवर आदळला आणि फळी मोडून आत गेला. त्याला काढायला धावलेले दोघेही तिथेच फरशीवर आपटले, पण त्या आरडाओरड्यात कोण कशाने पडलं हे कोण बघतो? मग अग्निशमनवाल्यांचं पाणी आणि बाहेर निघालेला गाळ. सगळं एक झालं. दयानंदला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. माळा मात्र तशाच गळ्यात होत्या.

संध्याकाळच्या आत कंत्राटदाराच्या सुपरवायझरने, गिरीराजने, पुडी सोडून दिली होती: सणाचा दिवस, घेतली असेल. शवचिकित्सेचा पक्का अहवाल यायला महिने लागतात. जीभ हलायला काय लागतं? मोडक्या झाकणावर बोलण्यापेक्षा मेलेल्या माणसावर बोलणं सोपं. आणि वाईट ह्याचं की तो गिरीराज आमच्यातला. समाजाच्या हॉलमध्ये शिवजयंतीला फेटा बांधून पुढच्या रांगेत बसतो.

मी आणि महानंदा इमारतीच्या ऑफिसात गेलो. पिराजी मागून आला. दयानंदचं नाव धुऊन निघावं, एवढंच तिला हवं होतं. भरपाई वगैरे तिच्या डोक्यातही नव्हतं. सेक्रेटरी रघुपती आणि गिरीराज टेबलामागे बसले होते. माझा तोल तिथे सुटलाच.

"काय रे गिरीराज, तू त्याच्या तोंडाचा वास घेतला होतास? स्वल्प लाज धर. झाकण कुणी बसवायचं होतं ते सांग आधी."

"अक्का, वाईट आम्हालाही वाटते की," तो मान खाली घालून म्हणाला. "पण रोज त्या जागेवर चालणारा माणूस उगीच कसा पडेल? जागा एकदम स्वच्छ. ह्यांनाच विचारा. ते होते तिथे."

त्याने पिराजीकडे बोट केलं. म्हातारा उभा राहिला. साक्षीला उभा राहावा तसा, हात जोडून.

"साहेब, मी खोटं बोलणार न्हाई. पोरगा माझा असला म्हणून काय झालं? जागा मी सोता धुतली हुती. हत्यार धुतल्याबिगर पुजायचं न्हाई, ही आमची रीत. पोरगं केळीचं खुंट आणाय वर गेलं. म्हणलं, ते येईस्तवर बापाच्या हातानं हू दे. पाईप धरला अन यंत्रं, फरशी, समदं धुऊन काढलं. त्या टाकीपाशी कसली पांढरी पूड सांडल्याली, मिठावानी. ती बी सोडली न्हाई. पाणी मारून मारून घालवली. मग नारळ आणाय गेलो, तर माघारी येईस्तवर ह्ये असं. आरशागत लख्ख जागा, साहेब. तिथं शुद्धीतला माणूस पडंलच कसा?"

महानंदाने माझं मनगट धरलं. तिची नखं मला रुतली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे धुण्याचा दगड होता.

गिरीराजला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं. त्याची नजर एकदा पिराजीवर गेली, एकदा महानंदावर, आणि मग तो टेबलावरचं पेन उगाच सरळ करत म्हणाला, "झालं की. घरचा माणूसच सांगतोय." रघुपतीने सुस्कारा टाकला आणि आम्हाला कॉफी विचारली. त्या क्षणी मला त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बोलले असते तर ते आधी म्हाताऱ्याच्या अंगावर गेलं असतं.

पिराजी म्हणाला, मला जरा चालू द्या, आणि एकटाच तळ्याच्या रस्त्याने निघाला. आम्ही दोघी रिक्षात बसलो. गर्दीत रिक्षा हलेना.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू अक्का? 'मामा, पोराला तुमीच मारलंसा', असं म्हणू?"

"असं कोण म्हणायला सांगतं? पण दयानंद? त्याचं नाव असंच मातीत जाऊ देणार?"

शेजारी ऑफिसच्या कॅबमध्ये एक मुलगी काच वर करून झोपली होती.

"त्यांनी म्हाताऱ्याला सांगून ठिवलं न्हाई की पूड सांडलीया," ती हळूच म्हणाली. "मला हजारदा सांगितलं. बापाला सांगायचं ऱ्हायलं. आता मी सांगितलं तर म्हातारा घरी जाऊन आड जवळ करंल. मला ठावं हाय त्यो."

मलाही ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त संताप आला. कुणावर काढावा तेच कळेना.

अस्थी घरात आणत नाहीत म्हणून मडकं माझ्या आवारातल्या रामफळाच्या झाडाला फडक्यात बांधून टांगलं होतं. पिराजीने अग्नी दिला होता, पण पुढचं काही करायला तो तयार नव्हता. दूधगंगेला राख नेणार नाही म्हणाला. "भंडाऱ्यावर हात ठिवून शब्द दिला अन मोडला. दारुड्याची राख मी गावच्या पाण्यात सोडणार न्हाई. हितंच तुमच्या तळ्यात टाका, फेसात फेस." हे तो ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो सावकाश, एकेक शब्द चावून म्हणाला. आणि रात्रभर मात्र झाडाखालीच बसून राहायचा, कुत्रं मडक्याजवळ येऊ नये म्हणून.

एका दुपारी गावाहून सासूचा, गंगव्वाचा, फोन आला. तिच्या हातातून भव्याने फोन घेतला. महानंदाने तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून मीही ऐकलं.

"आई, पप्पा दारू पिऊन पडले व्हय? आजोबा तसं म्हणाले म्हणं. शाळंत समदी म्हणत्यात."

महानंदा म्हणाली, "न्हाई बाळा." एवढंच. फोन ठेवला आणि किती तरी वेळ धुण्याच्या दगडावर बसून राहिली. मी चहा नेऊन दिला तो तिने घेतला नाही. मी तिथेच काहीतरी पुटपुटत उभी राहिले, दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी पिराजी गावी निघाला. पिशवी बांधली, पटका बांधला आणि झाडाकडे पाठ करून उभा राहिला. महानंदा खोलीतून बाहेर आली आणि त्याच्या वाटेत आली.

"मामा, जायच्या आदी ऐका. त्यांनी दारू घेतली नव्हती."

"सर बाजूला."

"ते घसरले. माझ्यामुळं घसरले." तिचा आवाज स्थिर होता. "तुमी धुतलीसा ती पूड निस्ती तुरटी हुती, ती गेली वाहून. तुमी जागा धुऊन नारळाला गेलासा. मागनं मी डबा घिऊन आले. गाळ बसवायच्या पॉलीची पिशवी सरकवताना माझ्याकडनं सांडली. सणाचं धुतल्या जागंवर घाण नगं म्हणून मी पाणी मारलं अन निघून आले. तिला पाणी लागलं की ती बुळबुळती. पाय ठरत न्हाई. मला ठावं हुतं. त्यांनी हजारदा बजावलं हुतं. तरी मारलं."

डबा कसला? त्या सकाळी तिच्या हाताला माझ्या घरचं पुरण होतं.

पिराजी माझ्याकडे वळला.

"अक्का, तुमी मानानं मोठ्या. ही खरं बोलतीया? ही त्या येळंला तिकडं गेलती?"

महानंदाने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. सगळं ठरवून झाल्यावर माणूस जसं बघतो तसं ते बघणं होतं. मी आयुष्यात फटकळपणाचीच कमाई केली. भल्याभल्यांना तोंडावर खरं सुनावलं. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "होय. गेली होती."

म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी पडली. तो झाडाकडे गेला, फडक्याची गाठ सोडली, मडकं उतरवलं आणि पोटाशी धरून खाली बसला. "माझ्या वाघा," तो म्हणाला, "बापानं तुला दारुड्या म्हणलं रं." असा रडला की कोपऱ्यावरची दुकानवाली उठून आली. महानंदा वाकून त्याच्या पाया पडायला गेली. त्याने पाय आत ओढून घेतले.

"गावात मी सोता सांगीन, माझ्या पोरानं शब्द मोडला न्हाई. त्याचा फोटू लावीन. पोरगी आमच्याजवळ ऱ्हाईल." मग तिच्याकडे न बघताच, "तू आमचा उंबरा चढू नगंस."

"व्हय, मामा," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. मडकं छातीशी घट्ट धरलेलं, चाल मात्र पुन्हा ताठ झाली होती. फाटकाशी तो थांबला आणि मनातली शेवटची सल सांगावी तसा माझ्याकडे वळला.

"अक्का, तुमीच सांगा. मी किती लख्ख केलती ती जागा! तशीच ऱ्हाऊ दिली असती, तर माझा पोरगा आज असता."

"होय, पिराजीअण्णा," मी म्हटलं. "लख्ख केली होती."